तिरप्या ठळक अक्षरांची गोष्ट



अक्षर वाचण्यासाठीं असतें, हें सांगावयास निवृत्त शिक्षकाची गरज नाहीं. परंतु आमच्या साक्रीवरून धुळ्यास व सुरतेस जाणाऱ्या हमरस्त्याच्या दुतर्फा लागलेल्या पाट्या पाहिल्या, म्हणजे या साध्या गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. हल्लीं पुष्कळ पाट्यांवर जाड, एकसारख्या रेघेचीं आणि उजवीकडे कललेलीं अक्षरें असतात. तीं वेगाचा व उत्साहाचा भास उत्पन्न करतात. पण पुष्कळदां तीं धड वाचतां येत नाहींत. असें कां व्हावें, याचा आज विचार करूं.

हें वळण मूळचें रोमन लिपीचें. त्यांतील तीन गुण निरनिराळ्या काळीं जन्मास आले. तिरपें अक्षर, ज्यास इटॅलिक म्हणतात, तें व्हेनिसचा मुद्रक आल्डस मनुशियस यानें प्रचारांत आणलें. १५०१ सालीं त्यानें व्हर्जिल कवीचे काव्यग्रंथ त्या अक्षरांत छापले. विद्वानांच्या जलद हस्ताक्षरावरून तें घेतलें होतें. रोमन अक्षरांच्या टोकांस नखासारख्या बारीक आडव्या रेघा असतात. त्या वगळून केलेला टाइप लंडनच्या चौथ्या विल्यम कॅझलनच्या नमुनापुस्तकांत १८१६ सालीं दिसला. यालाच सॅन्स-सेरिफ म्हणतात. आणि अक्षरांची जाडी वाढविली ती एकोणिसाव्या शतकांतील जाहिरातदारांच्या चढाओढीनें. पुढें हे तिन्ही गुण एकत्र आले आणि मथळ्यांसाठीं व पाट्यांसाठीं ठळक तिरपा टाइप रूढ झाला.

आतां आपल्या देवनागरीकडे वळूं. बोरूच्या तिरप्या छाटामुळें तिची रेघ कोठें जाड, कोठें बारीक होते. जावजी दादाजी यांनीं मुंबईंत १८६४ सालीं टाइपांचा कारखाना काढला व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना सुरू केला. तेथील ग्रंथांत बोरूचा हा डौल शिशाच्या खिळ्यांतही उतरलेला दिसतो. आपल्या अक्षरांना त्या नख्या मुळांतच नाहींत. म्हणून मराठींत ‘सॅन्स-सेरिफ’ याचा अर्थ, सर्वत्र सारख्या जाडीची रेघ, एवढाच उरतो.

पहिली अडचण जाडीची. ‘क्ष’, ‘ष’, ‘श्र’ अशा अक्षरांच्या पोटांत पांढरी जागा आधींच थोडी. रेघ जाड केली कीं ती बुजते. वरच्या अंगाला मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार यांची दाटी असते. अनुस्वार शिरोरेघेला चिकटला, तर ‘भांड्यांचें दुकान’ हें लांबून ‘भाड्याचें दुकान’ होतें!

दुसरी अडचण कलाची. सरळ अक्षर संगणकाची कळ दाबून नुसतें कलतें केलें, म्हणजे उभे दंड झुकतात, पण शिरोरेघ आडवीच राहते. उजवीकडे चढणाऱ्या रेघा बारीक होतात, उजवीकडे उतरणाऱ्या रेघा जाड होतात. ‘र’चा पाय मूळचाच उजवीकडे उतरणारा, तो कलण्याऐवजीं ताठ उभा राहतो. वरचा अनुस्वार उजवीकडे सरकतो, खालचा उकार डावीकडे. मग कोणतें चिन्ह कोणत्या अक्षराचें, हा संशय पडतो. आमच्याकडून नवापूरमार्गें गुजराथेंत गेलें कीं पाट्यांवरची शिरोरेघ नाहींशी होते. त्यामुळें गुजराथी अक्षराला कलतांना या आडव्या रेघेचा अडसर नसतो. मराठीला तो आहे.

याचा अर्थ मराठींत ठळक अक्षर नकोच, असा नव्हे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनीं नाटकांचीं नांवें हातानें रेखाटून त्या त्या नाटकाचा स्वभाव अक्षरांत आणला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘मोदक’ टाइपांत अक्षरें अतिशय गुबगुबीत आहेत. पोटांतील पांढऱ्या जागेच्या केवळ चिरा उरल्या आहेत, तरी अक्षर ओळखूं येतें. कारण तेथें प्रत्येक अक्षराचा स्वतंत्र विचार झाला आहे. तिरप्या अक्षराचेंही तसेंच आहे. तें नव्यानें रेखाटावें लागतें; ढकलून वांकवितां येत नाहीं.

म्हणून पाटी किंवा निमंत्रणपत्रिका करवून घेणाऱ्यांनीं चार गोष्टी पाहाव्या. तिरपें अक्षर एका-दोन शब्दांपुरतेंच असावें. पत्ता व वेळ सरळ अक्षरांत द्यावी. जोडाक्षरांच्या पोटांत उजेड दिसावा. आणि फ्लेक्स छापण्यापूर्वीं नमुना वीस पावलांवरून घरांतील वडीलधाऱ्या माणसाकडून वाचवून घ्यावा. रात्रीं औषधाचें दुकान शोधणाऱ्या परगांवच्या माणसाला पाटीचा डौल नको असतो, नांव हवें असतें. नुकतीं अक्षरें ओळखूं लागलेलीं मुलें तर पुस्तकाइतकींच पाट्यांवरूनही शिकतात. त्यांना वेडेंवांकडें वळण दाखवून मागाहून सुवाच्य अक्षराची अपेक्षा करणें न्यायाचें होणार नाहीं.