मुंजा, आकडी आणि मण्यार (झोपेची दुखणी : लेखांक ६)

स्लीप पॅरालिसिस म्हणजे जाग येऊनही अंग न हलणे. डोळे उघडतात, आढे दिसते, शेजारच्याचे घोरणे ऐकू येते. पण हात उचलत नाही आणि हाक मारावी तर आवाज फुटत नाही. छातीवर ओझे वाटते. दाराशी कोणी उभे असल्याचा भासही अनेकांना होतो. खेड्यात याला 'मुंजा छातीवर बसला' म्हणतात. झोपेत येणारी आकडी, म्हणजेच फिट, हा अगदी निराळा आजार. तरी दोन्हींची गल्लत होते, कारण सकाळी दोन्हींबद्दल 'रात्री काहीतरी झालं' एवढेच सांगितले जाते.

झोपेत साधारण दर दीड तासाने स्वप्नांचा टप्पा येतो आणि पहाटेकडे तो लांबत जातो. मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे भराभर फिरतात. शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली या टप्प्याची नोंद प्रसिद्ध केली. या वेळी मेंदूच्या बुंध्याकडून स्नायूंना कुलूप लागते, नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस अंथरुणातून उठून पळाला असता. डोळे आणि श्वासपटल तेवढे मोकळे राहतात. कधी जाग आधी येते आणि कुलूप मागून उघडते. मधल्या काही सेकंदांचा, क्वचित काही मिनिटांचा, तो अनुभव म्हणजे स्लीप पॅरालिसिस. स्वप्न अजून पुरते विरलेले नसते, म्हणून दारातली आकृती दिसते. छातीचे स्नायू ढिले असल्याने खोल श्वास घेता येत नाही आणि ओझे जाणवते. जीव गुदमरत नाही. कोणी हात लावला किंवा हाक मारली तर बहुधा अंग सुटते.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार आयुष्यात एकदा तरी हा अनुभव घेणारे सर्वसाधारण लोकांत सुमारे ८ टक्के असतात, विद्यार्थ्यांत मात्र सुमारे २८ टक्के. तुटक झोप, कामाच्या बदलत्या पाळ्या आणि उताणे झोपण्याची सवय ही त्यामागची नेहमीची कारणे. पुणे जिल्ह्यातल्या निरगुडसरसारख्या गावात तुटक झोपेला तोटा नाही. मोटारीला रात्रीची वीज असलेल्या आठवड्यात उसाला पाणी मध्यरात्री द्यावे लागते, तेही अर्धे लक्ष बिबट्याकडे ठेवून. जवळच पारगावला भीमाशंकर साखर कारखाना आहे. गळीत हंगामात कारखान्याचे काम रात्रपाळीतही चालते. अशा दिवसांत 'मुंजा' आला, तर अंगाऱ्यापेक्षा दोन रात्रींची सलग झोप अधिक कामाची.

आकडीत मेंदूतल्या पेशींचा मोठा गट एकदम, बेबंदपणे विद्युत् संदेश सोडू लागतो. झोपेतली आकडी बहुतेक वेळा स्वप्नांच्या टप्प्याबाहेर येते. अंग ताठते, मग झटके येतात, घशातून आवाज निघतो. जिभेची कड चावली जाते, लघवी होते. दोन-तीन मिनिटांत हे थांबते, पण माणूस बराच वेळ गोंधळलेला राहतो. सकाळी त्याला काहीच आठवत नाही. उशीवरचा रक्ताचा डाग, ठणकणारे अंग आणि जड डोके एवढाच पुरावा उरतो. फरकाची खूण इथेच आहे: स्लीप पॅरालिसिसची हकीकत झोपणारा स्वतः सांगतो, आकडीची शेजारी झोपलेला.

या खुणेला अपवाद आहेत. मेंदूच्या पुढच्या भागातून उठणाऱ्या आकडीत माणूस कधीकधी शुद्धीवर असतो, पण हातपाय जोरात झाडतो. झटका छोटा, दर वेळी हुबेहूब तसाच, एका रात्रीत अनेकदाही. शाळकरी वयाच्या काही मुलांना झोपेतून उठताना तोंडाची एक बाजू फडफडते, लाळ गळते. मूल जागे असून बोलू शकत नाही. याला मुंजा समजणे सोपे आहे. आणखी एक फसवी गोष्ट: आकडीनंतर काही तास एक हात किंवा पाय लुळा राहू शकतो. स्लीप पॅरालिसिस अशी एकच बाजू निवडत नाही.

पहिला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत् संदेशांचा आलेख, आकडी येणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांचा सामान्य निघतो, म्हणून तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. घरच्यांनी मोबाईलवर घेतलेले चित्रण डॉक्टरांना फार उपयोगी पडते. आकडी चालू असताना माणसाला कुशीवर वळवावे. तोंडात चमचा घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काहीच होत नाही. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ला फोन करावा. स्लीप पॅरालिसिसला सहसा औषध लागत नाही. मात्र त्याच्या जोडीला दिवसा अनावर झोप येत असेल किंवा हसताना गुडघे लटके पडत असतील, तर तपासणी हवी.

ग्रामीण भागात तिसरी शक्यता कायम लक्षात ठेवावी लागते, ती मण्यारीची. हा साप रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दंश फारसा दुखत नाही, खूणही पटकन सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे बोबडे होते, घोट उतरत नाही, मग श्वास मंदावतो. स्लीप पॅरालिसिसमध्ये डोळे शेवटपर्यंत नीट फिरतात. मण्यारीच्या विषाने आधी पापण्याच मिटू लागतात. पापण्या उचलत नसतील आणि जडपणा मिनिटागणिक वाढत असेल, तर भगताची वाट न पाहता रुग्णाला थेट मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. भारतात मिळणारे प्रतिसर्पविष मण्यारीच्या विषासाठीही बनवलेले असते, पण श्वास थांबू लागला तर कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्रही लागते.