गोळीच्या बाटलीचा धडा

पेण-रोह्याकडे उन्हाळ्यांत गोळीसोडा प्यालेल्यांनीं त्या बाटलीच्या गळ्याकडे क्वचितच पाहिलें असेल. हायरम कॉड या इंग्रजानें १८७२ सालीं तिचें पेटंट घेतलें. बाटली उलटी धरून भरतात. मग आंतील वायूच काचेची गोळी रबरी कड्यावर दाबून धरतो. कोंडलेला चोरच दाराला खांदा लावून उभा!

गेल्या वैशाखांत नातवानें कोकमाचें सरबत फसफसविण्याकरितां झांकणाचें पोलादी पिंप व कर्बद्विप्राणिद वायूचें नळकांडें आणिलें. रात्रभर तोटी उघडी राहिली. सकाळीं नळकांडें रितें, सरबत जसेंच्या तसें! तो झांकणाला बोल लावूं लागला. मला मात्र निराळीच धास्ती वाटली. हा वायु हवेच्या दीडपट जड व गंधहीन, जमिनीलगत सांचतो. त्याच माजघरांत धाकटी नात खालीं निजली होती. खिडक्या उघड्या होत्या, हें आमचें दैव.

दुसरें नळकांडें आल्यावर मीं सर्व सांध्यांना साबणाचा फेंस लाविला. झांकण निर्दोष ठरलें. बुडबुडे निघाले ते नळकांडें व दाब कमी करणारें यंत्र यांच्या सांध्यांतून. तेथील वायसर चेपला होता. नवा घातल्यावर फेंस स्वस्थ बसला.

आतां नळकांडें ओसरीवर उभें बांधलेलें असतें व रात्रीं त्याची तोटी मीच बंद करितों. सरबतहि आधीं गार करूनच त्यांत वायु सोडतों, कारण गार पाण्यांत तो अधिक विरतो.