डिंडोलीचा उमेदवार आणि मराठी शाळा

नवापूर स्थानकाचा निम्मा फलाट महाराष्ट्रात आणि निम्मा गुजरातेत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्याच फलाटावरून सुरतेच्या गाडीत बसलेले आपले किती जण परत आले? उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातील गावेच्या गावे वसली आहेत. गेल्या महिन्यात एका लग्नासाठी डिंडोलीला गेलो होतो. तेथे एक जुना विद्यार्थी भेटला. दहावीनंतर तो लूमवर कामाला गेला होता. आज त्याचे सिमेंट-सळईचे मोठे दुकान आहे. पाया पडून म्हणाला, "गुरुजी, माले मेयर व्हनं शे."

ऐकून अभिमान वाटला, हे कशाला लपवू? पण मास्तरकी अंगात मुरलेली. त्याला म्हटले, "अरे, मेयरच्या निवडणुकीला थेट उभे राहता येत नाही." सुरतेत ३० प्रभाग, प्रत्येकी चार, असे १२० नगरसेवक. त्यांनी आपल्यातून महापौर निवडायचा, तोही अडीच वर्षांसाठी, आरक्षणाची पाळी जुळली तर. २०२१ मध्ये भाजपला ९३ आणि आम आदमी पक्षाला २७ जागा मिळाल्या. म्हणजे महापौर कोण, हे पक्ष ठरवणार. शिवाय कारभार आयुक्तांच्या हाती आणि पैशाच्या किल्ल्या स्थायी समितीकडे. महापौराच्या वाट्याला सभेचे अध्यक्षपद आणि मान.

आपल्याकडे महापौर म्हटले की बेळगाव आठवते. २००५ मध्ये तेथील महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला आणि महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळुरात काळे फासले गेले. ती खुर्ची भाषेची खुर्ची होती. त्याच बेळगावात २०२१ मध्ये पक्षचिन्हांवर निवडणूक झाली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपने घेतल्या. सुरतेत तर भाषेवर निवडणूक होतच नाही. आणि तेथे मराठी माणूस सत्तेपासून लांब आहे, असेही नाही. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारीतून सतत निवडून आले आणि २०२४ मध्ये केंद्रात मंत्री झाले. लिंबायतमधून संगीता पाटील २०१२, २०१७ आणि २०२२ अशा तीनदा आमदार झाल्या.

मग मराठीचे अडते कोठे? सुरत महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू व इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. परराज्यातील एका शहराने आपल्या मुलांसाठी मराठी शाळा चालवाव्यात, ही लहान गोष्ट नव्हे. (आपल्या बाजूच्या जिल्हा परिषद शाळांचे पट पाहून मान खाली जाते, तो विषय पुन्हा कधीतरी.) या समितीवर सदस्य पाठवणारे नगरसेवकच. मराठी शाळेला शिक्षक आहेत का, पुस्तके वेळेवर येतात का, सातवी-आठवीनंतर मुलांनी कोठे जायचे, हे विचारण्याची जागा ती.

मी त्याला विचारले, "तुझी मुले कोणत्या शाळेत?"

"इंग्लिश मीडियम, गुरुजी."

"आणि दुकानात माल चढवणाऱ्या पोरांची?"

तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "ती म्युनिसिपाल्टीच्या मराठी शाळेत जातात." शाळा त्याच्या दुकानापासून पायी दहा मिनिटांवर, पण तो आत कधी गेलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गेलो. तिसरीच्या वर्गात एका मुलीने धडा वाचून दाखवला. उच्चार अहिराणी वळणाचे, पण एकदाही अडखळली नाही. गडी बराच वेळ दारातच उभा होता.

निघताना त्याने प्रचारपत्रकाचा मसुदा हाती दिला. मजकूर सगळा गुजरातीत. मराठीत फक्त "नमस्कार", त्यातही स्कार तुटून वेगळा पडलेला. "गुरुजी, मराठीत लिहून द्या ना," म्हणाला. उधना सुटल्यावर लिहायला घेतले. रस्ते, गटारे, पाणी त्याने सांगितले होतेच. मराठी शाळेचे कलम मी पहिले घातले आणि नवापूरहून टपालात टाकले. ते तो छापतो की गाळतो, हे पत्रक हाती आल्यावर कळेल.