चौकट आधी, मजकूर नंतर

शाळेचा वार्षिक अंक काढायचा, की डोंबिवली-कल्याणकडच्या आम्हा शिक्षकांची वाट ठरलेली असे. मुलांचे लेख गोळा करायचे आणि ठाण्याच्या एका डीटीपीवाल्याकडे द्यायचे. एका वर्षी अंक छापून आला तेव्हा एका मुलीच्या चित्राखाली दुसरीचेच नाव होते. तिचा चेहरा पाहून आम्ही ठरवले, पानांची मांडणी आता आपणच शिकायची.

'स्क्रायबस' हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. पहिल्या दिवशी ते उघडून आम्ही सवयीने टाइप करू लागलो. पण पानावर एकही अक्षर उमटेना! उलगडा झाला तो नियम भूषण यांनी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या एका प्रकल्पासाठी लिहिलेल्या इंग्रजी पाठमालेतून. ही पाठमाला मेनूंची यादी पाठ करायला लावत नाही. आपल्याकडून एक मासिकच करून घेते.

नेहमीच्या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर वाढत जातो आणि पाने त्यामागे येतात. इथे उलटे असते. पान म्हणजे शाळेतला फलक समजा. आधी त्यावर चौकटी आखायच्या, मग त्यांत मजकूर किंवा चित्र भरायचे. लेख मोठा असेल तर दोन चौकटी जोडायच्या; पहिलीत न मावलेला मजकूर आपोआप दुसरीत जातो. मथळ्याचा आकार 'शैली' म्हणून एकदा ठरवला, की पुढे एका ठिकाणी केलेला बदल सगळ्या मथळ्यांना लागू होतो. आणि चित्र व त्याखालचे नाव यांचा गट केला, की चित्र कुठेही हलवा, नाव त्याच्याबरोबरच जाते!

मराठीची अडचण मात्र इंग्रजी पाठांत येत नाही. पेजमेकरच्या काळातले अनेक मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या संकेतांवर मराठी आकार बसवत. त्यामुळे फॉन्ट बदलला की कवितेची निरर्थक इंग्रजी अक्षरे होत. युनिकोडमध्ये मराठीच्या मूळ अक्षरांना आणि चिन्हांना स्वतःचे क्रमांक आहेत. तरीही 'कि' लिहिताना वेलांटी क-नंतर टाइप होते आणि दिसते आधी. सॉफ्टवेअरला ही मांडणी कळावी लागते. स्क्रायबसच्या 1.5 मालिकेत ही सोय आली, म्हणून त्याआधीची आवृत्ती घेऊ नये. शिवाय वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडू नयेत म्हणून ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावे.

चांगल्या मार्गदर्शिकेचे गुण चांगल्या पाठासारखेच असतात. एका पायरीला एकच नवी गोष्ट, ती केल्यावर काय दिसायला हवे याची खूण, आणि शेवटी हातात एक पुरी झालेली वस्तू.

आपणही करून पाहा. 4 पानी अंक तयार करण्याच्या पायऱ्या लिहा, सहकाऱ्याला द्या आणि शेजारी गप्प बसा. तो जिथे अडेल, तिथे चूक त्याची नसते; आपली एक पायरी लिहायची राहिलेली असते.