वितळलेल्या धातूचा ताप सांभाळणारी कारागिरी

कल्हईवाला भांडे भट्टीवर धरतो, नवसागराची पूड टाकतो, कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने कथील सगळीकडे फिरवतो. भांडे कमी तापले तर कथील पसरत नाही, जास्त तापले तर कल्हई काळवंडते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. कल्हईवाल्याला हा आकडा कोणी सांगितलेला नसतो, तो त्याच्या डोळ्यात असतो.

आता वाचकबंधूंनी दुसरा आकडा पाहावा : २३५ अंश. शिसे आणि लिथियम यांचा एक मिश्रधातू या तापमानाला वितळतो. सूर्यात जी क्रिया चालते ती पृथ्वीवर घडवून वीज काढण्याच्या ज्या भट्ट्या आखल्या जात आहेत, त्यांतल्या काहींच्या नळ्यांतून हाच धातू वाहायचा आहे.

अशा भट्टीला दोन प्रकारचा हायड्रोजन लागतो : ड्युटेरियम आणि ट्रिटियम. ड्युटेरियम समुद्राच्या पाण्यातून मिळते. ट्रिटियम निसर्गात जवळजवळ नाहीच, आणि केलेला साठा १२ वर्षांत निम्म्यावर येतो. म्हणून ते भट्टीतच तयार करावे लागते. भट्टीतून सुटणारे न्यूट्रॉन लिथियमवर आदळले की ट्रिटियम होते. शिसे न्यूट्रॉनांची संख्या वाढवते, शिवाय वाहता धातू उष्णता बाहेर आणतो. या मिश्रणात वजनाने पाहिले तर लिथियम शंभरात एक भागही नसते, बाकी सारे शिसे. ज्या थरात हे घडते त्याला शास्त्रज्ञ ब्लँकेट म्हणतात. आम्हा कापडवाल्यांना शब्द ओळखीचा वाटला, पण ही घोंगडी पोलादाची आहे.

खरी अडचण पुढे आहे. पाणी नळीत थंड झाले तर काही बिघडत नाही. हा धातू २३५ अंशांच्या खाली गेला की नळीतच दगड होतो. उलट फार तापू दिला तर पोलाद कुरतडतो. सुमारे ५५० अंशांवर हे पोलाद मऊ पडू लागते, आणि त्याच्या बऱ्याच आधी शिसे त्यातले अंश विरघळवू लागते. विरघळलेले हे अंश नळीच्या थंड भागात जाऊन बसतात व वाट अडवतात. म्हणजे खालची हद्द आणि वरची हद्द यांच्यामध्ये प्रत्येक वीत नळी राखायची, रात्रंदिवस.

हे काम कसे होते ते कारागिरांनी समजून घेण्यासारखे आहे. नळीवर विजेचे हीटर गुंडाळतात, वर रॉकवूलसारखे जाड आवरण घालतात आणि नळीचे लहान लहान भाग पाडून प्रत्येक भागाला स्वतंत्र थर्मोकपल व कंट्रोलर देतात. धातू आत सोडण्यापूर्वी रिकामी नळी पूर्ण तापवून घेतात. सरळ नळी तापवणे सोपे. दगा देतात त्या जागा वेगळ्याच : व्हॉल्व्ह, फ्लँज, दाबमापकाकडे जाणारी बारीक नळी, आणि नळीला भिंतीशी धरणारा लोखंडी कंस. हा कंस उष्णता ओढून नेतो व नेमके त्याच ठिकाणी धातू गोठतो. तेथे जास्तीचा हीटर लागतो, आणि तो जळाला तर आवरण फाडावे लागू नये म्हणून शेजारी दुसरा आधीच गुंडाळून ठेवतात. वीज गेली तर धातू आपल्या वजनाने खाली टाकीत उतरावा म्हणून नळ्यांना उतार देतात.

गोठलेली नळी पुन्हा वितळवणे तर त्याहून नाजूक. वितळताना धातू फुगतो. मधोमध शेक दिला आणि दोन्ही बाजूंना घट्ट गोळा राहिला तर फुगलेल्या धातूला जागा मिळत नाही, नळी फाटते. म्हणून मोकळ्या टोकापासून सुरुवात करून एकेक भाग तापवत आत जायचे. येथे घाई करणारा मिस्त्री चालत नाही.

त्यात भट्टीचे चुंबक प्रचंड ताकदीचे. वाहत्या धातूला ते ब्रेक लावल्यासारखे अडवतात, कोठे प्रवाह मंद होतो आणि तेवढाच भाग जादा तापतो. फ्रान्सच्या दक्षिणेला उभ्या राहत असलेल्या ईटर भट्टीचा एक फेरा सुमारे ४०० सेकंदांचा योजलेला आहे. फेरा सुरू झाला की न्यूट्रॉन स्वतःच धातू तापवतात, तेव्हा हीटरने हात आखडायचा. फेरा संपला की पुन्हा पुढे यायचे. आमच्या धंद्यात स्टेंटरचे तापमान घसरले तर पॉलिएस्टरचा पन्ना बिघडतो आणि माल परत येतो. येथे परत येण्याची सोयच नाही.

तापमान मोजणारी वस्तू स्वतःच घात करू शकते, हे जपानने पाहिले. तेथील मोंजू ही अणुभट्टी वेगळ्या जातीची, युरेनियम-प्लुटोनियम तोडणारी, पण तिच्या नळ्यांतही वितळलेला धातू होता : सोडियम. ८ डिसेंबर १९९५ रोजी एका नळीत बसवलेल्या तापमापकाचे कवच तुटले. कवचाची जाडी एका ठिकाणी एकदम कमी केलेली होती. वाहत्या सोडियमच्या भोवऱ्यांनी ते थरथरत राहिले आणि नेमके तेथेच मोडले. सुमारे ६४० किलो सोडियम बाहेर येऊन पेटले. माणसे वाचली, पण भट्टी २०१० पर्यंत बंद राहिली आणि २०१६ च्या डिसेंबरात ती कायमची मोडीत काढण्याचे ठरले. बंद पडण्यामागे इतरही कारणे होती, अपघाताची खरी चित्रफीत दडवल्याने लोकांचा विश्वास उडाला होता. तरी आरंभ एका चुकीच्या घडणीच्या नळकांडीने केला, हे लेथ चालवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

भारत ईटरमध्ये २००५ साली सामील झाला. भट्टीभोवतीचे सुमारे ३० मीटर उंचीचे, ३,८५० टनांचे पोलादी भांडे लार्सन अँड टुब्रोने गुजरातमधील हजिरा येथे भागाभागांत तयार करून समुद्रमार्गे पाठवले. शिसे-लिथियमचा अभ्यास गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत चालतो. मोठी भांडी मोठ्या कंपन्याच करणार. पण हीटर, थर्मोकपल, आवरण या वस्तू छोट्या कारखान्यात होतात, आणि असे हात आपल्या मोहल्ल्यांत आहेत.

अडते ते कागदावर. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडलेल्या. जोडणारा कारागीर मिळतो. पण सामान्य दर्जाच्या के टाइप थर्मोकपलला या तापमानाला अडीच अंशांची चूक माफ असते, चांगल्या दर्जाच्याला दीड अंशाची. आपला माल दीड अंशात बसतो हे खरेदीदाराला प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राने दाखवावे लागते. आमच्या पाहण्यातले बहुतेक दुकानदार हा खर्च टाळतात, माल दुसऱ्याला विकतात, तो त्यावर आपला शिक्का व प्रमाणपत्र लावतो आणि नफ्याचा मोठा हिस्सा त्याच्या खिशात जातो.

ईटरमध्ये ट्रिटियमसह भट्टी पेटवण्याचे साल आता २०३९ धरले आहे. तोवर या कामाच्या भरवशावर कोणी दुकान मांडू नये. मात्र प्रमाणित थर्मोकपल आजही रंगाई कारखाना घेतो, प्लास्टिकचा साचेवाला घेतो, बिस्किटांची भट्टीही घेते. तपासणीचा खर्च चार दुकानांनी मिळून उचलला तर तो या गिऱ्हाइकांतूनच निघावा. मुलगा आयटीआयला घालायचा असेल तर इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकच्या शाखेची चौकशी अवश्य करावी. वेल्डर आणि फिटरच्या रांगेत आपली मुले पुष्कळ उभी असतात, या रांगेत आम्हाला फारशी दिसली नाहीत.