गुरगुर ऐकू आली की

संध्याकाळचे सात वाजले की आमच्या घरात सगळ्यांना एकदम भूक लागते. साडेतीन वर्षांची लेक वरणभाताच्या ताटलीपाशी, मनी फ्रिजवर आणि ढवळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. उंबऱ्यावर सुताराकडून करून घेतलेलं लाकडी फाटक आहे. मनी त्यावरून अलगद उडी मारून जाते, ढवळी पलीकडे बसून राहते. या फाटकाने आमच्या घरात जेवढी शांतता आणली, तेवढी कुठल्याही शिकवणीने आणली नाही.

ढवळी गावठी कुत्री. सांगलीत भर पावसात आमच्या गेटखाली सापडली, तेव्हा जेमतेम दीड महिन्यांची होती. मनी दोन वर्षांनी आली. तिला आणलं त्या दिवशी मी थेट ढवळीसमोर नेऊन ठेवली नाही, हे मी आजवर केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम. मनी मागच्या खोलीत बंद दाराआड. तिच्या अंगावरून पुसलेला पंचा ढवळीच्या गोणपाटाशेजारी ठेवायचा, ढवळीचा मनीच्या खोलीत. दोघींचं खाणं बंद दाराच्या दोन बाजूंना, आधी लांब, मग रोज थोडं जवळ. आधी वास, मग आवाज, मग दर्शन आणि सगळ्यात शेवटी भेट. भेटीच्या वेळी ढवळीच्या गळ्यात पट्टा होता, आणि मनीला चढून बसायला कपाट मोकळं ठेवलं होतं. या सगळ्याला तीन आठवडे लागले. मांजराला वर जायला जागा असली की ते पळत नाही, आणि पळालं नाही की कुत्रं पाठीमागे लागत नाही.

दोघींची भाषाही वेगळी. कुत्र्याची सैल हलणारी शेपटी म्हणजे बहुतेक वेळा ‘ये’. मांजराची सपासप हलणारी शेपटी म्हणजे ‘लांब राहा’. ढवळीला हे कळायला नाकावर दोन ओरखडे खावे लागले.

मला दिवस गेले तेव्हा नात्यातल्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला: मांजर कुणाला तरी देऊन टाक. मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी समजावलं की टोक्सोप्लाझ्माचा धोका खरा आहे, पण मांजराच्या विष्ठेतल्या त्या जंतूला संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. मातीचं घमेलं रोजच्या रोज साफ करायचं आणि ते काम गरोदर बाईने करायचं नाही. कच्चं राहिलेलं मटण आणि न धुतलेली भाजी यांतूनही तोच आजार होतो, हे मात्र मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. घमेल्याचं काम नवऱ्याकडे गेलं. मनी घरातच राहिली.

बाळंतपण माहेरी, सोलापूरला झालं. नवरा परतताना बाळाचं न धुतलेलं दुपटं घेऊन गेला आणि ढवळीला लांबूनच हुंगू दिलं. दोन महिन्यांनी मी बाळाला घेऊन दारात उभी राहिले. तेव्हा आधी बाळ सासूबाईंच्या हातात दिलं आणि मी रिकाम्या हातांनी ढवळीला भेटले. तिचा आनंद ओसरू दिला, मग बाळ आत आणलं.

इथवर सगळं सुरळीत झालं. चूक पुढे झाली.

लेक रांगायला लागली तशी ढवळी गुरगुरायला लागली. ओळखीच्या एकाने, अनेक कुत्री पाळलेल्या माणसाने, ठामपणे सांगितलं: गुरगुरली की दटावा, नाहीतर डोक्यावर बसेल. आम्ही दटावलं. दोन आठवड्यांत गुरगुर थांबली आणि आम्हाला वाटलं, शिकली. मग एका दुपारी लेक झोपलेल्या ढवळीच्या अंगावर चढली, आणि ढवळीने आवाज न करता दात लावले. दंडावर ओरखडा उठला, रक्त आलं नाही. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलं. ती पंधरा मिनिटं लेकीच्या रडण्यात फार लांब वाटली, पण घड्याळ लावून पूर्ण केली. ढवळीला दरवर्षी रेबीजची लस दिलेली होती, तरी सरकारी दवाखान्यात गेलो आणि लेकीला त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अशा चार वेळा लस दिली. रेबीज एकदा उमटला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ‘घरचंच कुत्रं आहे’ म्हणून अंदाजावर सोडायची ही गोष्ट नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ढवळी आम्हाला सांगत होती, आणि आम्ही तिला सांगणंच बंद करायला लावलं होतं.

मग मी ढवळीकडे बघायला शिकले. गुरगुर ही तिची पहिली तक्रार नसतेच. आधी ती मान वळवते. मग समोर खाणं नसताना जीभ नाकावरून फिरवते. झोप आलेली नसताना जांभई देते. कान मागे जातात, डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते. त्यानंतर अंग एकदम थिजतं. ते थिजणं क्षणभराचंच असतं, पण एकदा दिसायला लागलं की कायम दिसतं. बहुतेक घरांत याच वेळी कुणीतरी मोबाईल काढून म्हणतं, ‘बघा, कसं गोड बसलंय बाळापाशी!’

आता ढवळी गुरगुरली की आम्ही तिला काही बोलत नाही. लेकीला उचलतो.

लेकीलाही शिकवलं. जेवताना, झोपलेली असताना आणि गोणपाटावर असताना ढवळीला हात लावायचा नाही. एरवी कुरवाळायचं ते छातीशी, मानेच्या बाजूला, ‘एक, दोन, तीन’ म्हणत. मग हात वर घ्यायचा. ढवळी नाक पुढे करून जवळ आली तर पुन्हा, नाहीतर नाही. लेक हे मोठ्याने मोजते. कधी ढवळी उठून निघून जाते, तेव्हा लेकीचा चेहरा पडतो. ‘अगं, तिला नको असेल आत्ता,’ सासूबाई म्हणतात, ‘तुला तरी कुणी सारखं ओढलेलं आवडतं का?’ तरीही दोघींना एका खोलीत एकट्या सोडत नाही, पाणी प्यायला उठायचं असलं तरी नाही. फाटक त्यासाठीच आहे.

बाकी कामं सवयीची आहेत. जंताचं औषध वेळेवर, लसी वेळेवर. लेकीच्या हातून सांडलेल्या शिऱ्यातला बेदाणा ढवळीच्या तोंडी जाऊ द्यायचा नाही, कांदा-लसूण आणि चॉकलेटही नाही. पॅरासिटामॉलची गोळी मनीच्या जिवावर बेतू शकते, म्हणून औषधांचा डबा बंद कपाटात. मध्यंतरी शेजारच्या काकूंनी लेकीसाठी पोपट आणून देऊ का विचारलं. आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, असं सांगून मी नको म्हटलं. बंदी नसती तरी नकोच म्हटलं असतं. चौथ्या जिवाकडे बघायला आमच्याकडे पुरेसे डोळे नाहीत.

तुमच्या घरात लहान मूल आणि कुत्रं दोन्ही असतील, तर एवढं एक करा. कुत्रं गुरगुरलं तर त्याच्यावर हात उगारू नका. मुलाला शांतपणे उचला, बाजूला घ्या, आणि आत्ता नेमकं काय झालं ते आठवून पाहा.