आधी वजन, मग सनमायका

घरातली एक अख्खी भिंत पुस्तकांना द्यायची ठरली, की बोलणी बहुधा सनमायकाच्या कॅटलॉगपासून सुरू होतात. अक्रोडाची छटा की सागाची, चकचकीत की मॅट, याचा खल होतो. मग मिस्त्री भिंतीची लांबी-उंची मोजून दर्शनी चौरस फुटाचा भाव सांगतो. या भावात पुस्तकांचं वजन कुठेच येत नाही. कपड्यांच्या कपाटाला हा हिशेब चालून जातो, पुस्तकांच्या कपाटाला चालत नाही. कारण त्याचं आयुष्य आतल्या उभ्या फळ्या किती अंतरावर आहेत यावर ठरतं, आणि दर्शनी मापात त्या मोजल्याच जात नाहीत. उलट उभ्या फळ्या जितक्या कमी, तितका काम घेणाऱ्याचा खर्च वाचतो. म्हणून मोठं पुस्तकांचं कपाट वजनापासून आखायला हवं. सनमायकाचा विचारसुद्धा रंगाआधी बांधणीच्या अंगाने व्हायला हवा.

वजन किती, हे घरच्या काट्यावर पाहता येतं. एक फूट लांबीची पुस्तकांची ओळ साधारण ९ ते १० किलो भरते. गुळगुळीत कागदावरचे दिवाळी अंक आणि कोश असतील तर आणखी जास्त. म्हणजे चार फुटांच्या एका फळीवर जवळजवळ ४० किलो, आणि तेही काढून न ठेवता वर्षानुवर्षं. फळी किती वाकते याचा नियम कडक आहे. दर फुटावरचा भार तोच राहिला, तर मधला झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. दोन फुटांची फळी तीन फुटांची केली की झोळ पाचपट होतो, चार फुटांची केली की सोळापट. शिवाय लाकूड सततच्या ओझ्याखाली हळूहळू आणखी वाकत जातं. पहिल्या महिन्यात न दिसणारा झोळ काही वर्षांनी डोळ्यांत खुपतो तो यामुळेच. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डच्या बाबतीत हे जास्तच घडतं. १८ मिमीच्या चांगल्या प्लायसाठी अडीच फूट ही मर्यादा मानावी. बारा फुटांच्या भिंतीवर सहा उभ्या फळ्या लावल्या तर जेमतेम २८ इंचांचे पाच खण बसतात.

यावर कोणी म्हणेल, प्लाय जाड घेतला की झालं. जाडीचा फायदा होतो, पण तो घनाच्या हिशेबाने. १८ ऐवजी २५ मिमी घेतला तर झोळ एक-तृतीयांशाच्या जरा वर उरतो. चार फुटांऐवजी अडीच फूट केलं तर तो साडेसहापट कमी होतो. सागाची अखंड फळी प्लायपेक्षा ताठ खरी, पण लांबीचा नियम तिलाही सुटत नाही. त्यापेक्षा फळीच्या दर्शनी कडेला दीड इंच उंचीची सागाची पट्टी सरस लावून स्क्रूने बसवली, तर ताठपणा दुपटीहून वाढतो आणि प्लायची कडही झाकली जाते. दुसरा आक्षेप खर्चाचा. त्याचं उत्तर कपाटाच्या खोलीत सापडतं. मराठी पुस्तक बहुधा साडेपाच इंच रुंद असतं, तरी कपाट फूटभर खोल केलं जातं आणि मग पुढे दुसरी ओळ लागून भार दुप्पट होतो. साडेनऊ इंच खोली ठेवली तर आठ बाय चारच्या शीटमधून चारऐवजी पाच लांब पट्ट्या निघतात. वाचलेल्या प्लायमधून जादा उभ्या फळ्या भागतात. कापताना प्लायच्या वरच्या थरातली लाकडाची रेषा फळीच्या लांबीच्या दिशेने हवी; आडवी कापलेली फळी लवकर दबते.

आता सनमायका, म्हणजे लॅमिनेट. रेझिनमध्ये भिजवलेल्या कागदांचे थर उष्णतेने आणि दाबाने एकजीव करून हा ताव बनतो. हवेतला दमटपणा तोही शोषतो आणि प्लायही, पण दोघांचं फुगणं-आकसणं सारखं नसतं. एकाच बाजूला लावला तर ताव फळीला आपल्याकडे ओढतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळा आणि उन्हाळा यांमधल्या फरकाने हे अधिकच घडतं. न दिसणाऱ्या बाजूला सनमायका कशाला, असं म्हणणं व्यवहाराचं वाटतं. पण तिथे साधा पांढरा लायनर लावला तरी ओढ दोन्हीकडून जवळपास सारखी होते. शिवाय दोन्ही बाजूंनी नीट चिकटलेला एक मिलिमीटरचा ताव फळीच्या ताठपणात भर घालतो. ही भर चिकटण्यावर अवलंबून आहे. फेविकॉलचा थर पातळ आणि सारखा हवा, ताव मधून कडेकडे दाबत न्यायला हवा, वर वजन ठेवून तो रात्रभर सोडायला हवा. दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेराने ठोकत जावं. आवाज पोकळ आला की तिथे ताव धरलेला नाही. आधी खोका उभा करून मग आत सनमायका चिकटवायला गेलं, तर अरुंद खणात हा दाब देताच येत नाही. म्हणून फळ्या सुट्या असतानाच, आडव्या ठेवून लॅमिनेट कराव्यात आणि मगच जोडाव्यात.

हे सगळं सांभाळायला महागडा प्लाय लागत नाही. आयएस ७१०चा मरीन प्लाय सतत ओल असते त्या जागांसाठी असतो. कोरड्या दिवाणखान्यात आयएस ३०३चा चांगला प्लाय पुरतो. दोहोंच्या किमतीतला फरक कडेच्या पट्ट्यांवर आणि लायनरवर खर्च करणं शहाणपणाचं. त्यासाठी कामाच्या अंदाजपत्रकात चौरस फुटाच्या भावाशेजारी चार गोष्टी लिहून घ्याव्यात : खणाची कमाल रुंदी, फळीची जाडी आणि कडेची पट्टी, दोन्ही बाजूंचं लॅमिनेट, आणि कपाट भिंतीला कुठे आवळणार ते. यात मिस्त्रीवर अविश्वास नाही. जो मिस्त्री मनापासून काम करतो, त्याला कमी भावात आतला माल कमी करणाऱ्याशी स्पर्धा करावी लागते. या चार ओळी लिहिलेल्या असल्या की दोघांच्या भावांची तुलना खरी होते, आणि चांगल्या कामाला त्याची किंमत मिळते.